मेंदूतली अफू आणि तिला आवर घालणारे रेणू

2023 साली इंदापूर तालुक्यात पोलिसांनी अफूची बेकायदा लागवड पकडली आणि ऊस, डाळिंब, केळीच्या या पट्ट्यात अफू बातम्यांत आली. त्याच झाडाच्या चिकातलं मॉर्फिन बारामती-इंदापूरच्या काही घरांत मात्र रीतसर, डॉक्टरांच्या सहीनं येतं. तोंडाच्या, घशाच्या नाहीतर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं दुखणं साध्या पेनकिलरला दाद देईनासं झालं की ही गोळी सुरू होते. गोळी घरात आली की पहिला प्रश्न ठरलेला: “सवय लागंल का हो, डॉक्टर?” काही आठवड्यांनी दुसरा येतो: “आधी एका गोळीत भागायचं, आता दोन लागत्यात. औषध उतरलं का?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते एकच आहेत असं समजून चालल्यामुळे घोटाळा होतो. तो सोडवायचा तर मेंदू स्वतः कोणते रेणू तयार करतो हे पाहावं लागतं.

झाडाचा रेणू माणसात बसतो कसा

अफूच्या हिरव्या बोंडाला चिरा दिल्या की चीक येतो. त्यात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास मॉर्फिन असतं. (अनारशांवर थापायची खसखस याच बोंडातलं बी. पण मॉर्फिन बियांत नसतं, चिकात असतं, तेव्हा दिवाळीत काळजी नको.) जर्मन औषधविक्रेता फ्रीडरिश झेर्ट्युर्नर यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे मॉर्फिन वेगळं काढलं. ते काम कसं करतं, हे कळायला मात्र पुढची दीडशेहून जास्त वर्षं गेली.

1973 साली अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत मॉर्फिन नेमकं जिथे चिकटतं ते रिसेप्टर दाखवले. त्याच वर्षी न्यूयॉर्क आणि स्वीडनमधल्या गटांनीही हेच शोधलं. मग साहजिक शंका आली. माणसाच्या मेंदूला एका झाडाच्या चिकासाठी जागा राखून ठेवायचं काय कारण? म्हणजे तिथे बसणारं घरचंच काहीतरी असणार.

ते घरचं काहीतरी 1975 साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला सापडलं. जॉन ह्यूजेस आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूचा अर्क काढला. त्यांची चाचणी पाहण्यासारखी होती. प्राण्याच्या स्नायूची बारीक पट्टी द्रावणात टांगायची आणि तिला विजेचे हलके झटके द्यायचे, की ती आकसत राहते. मॉर्फिन टाकलं की आकसणं मंदावतं. मेंदूचा अर्क टाकल्यावरही तसंच झालं. वर मॉर्फिनचा उतारा असलेलं नॅलॉक्सोन टाकलं, की पट्टी पुन्हा आकसायला लागली. अर्कातलं हे द्रव्य म्हणजे एन्केफॅलिन, अवघ्या पाच अमिनो आम्लांची साखळी. अशा छोट्या साखळ्यांना पेप्टाइड म्हणतात.

पाठोपाठ 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या चो हाओ ली यांना उंटांच्या पीयूषिका ग्रंथींतून 31 अमिनो आम्लांचं बीटा-एंडॉर्फिन मिळालं. शोधायला गेले होते ते वेगळंच हार्मोन. 1979 मध्ये अ‍ॅव्हरम गोल्डस्टीन यांच्या गटानं डायनॉर्फिन जाहीर केलं. मॉर्फिन मुख्यतः ज्या रिसेप्टरवर बसतं त्याला म्यू म्हणतात. डेल्टा आणि कॅपा हे त्याचे भाऊबंद. एन्केफॅलिनचा ओढा डेल्टाकडे जास्त, डायनॉर्फिनचा कॅपाकडे.

मेडिकलमधली एक पुडी

एन्केफॅलिन फार टिकत नाही. शरीरातली विकरं त्याचे भराभर तुकडे करतात. त्यातल्या एका विकराला अडवलं तर घरचंच एन्केफॅलिन जास्त वेळ काम करेल, ही कल्पना आपल्याकडच्या कुठल्याही मेडिकलमध्ये पुडीच्या रूपात मिळते. लहान मुलांच्या जुलाबावर डॉक्टर रेसेकॅडोट्रिल लिहून देतात, ते हेच करतं. आतड्यातलं एन्केफॅलिन टिकून राहतं आणि आतड्यात पाणी झिरपणं कमी होतं. लोपेरामाइड तर सरळ म्यू रिसेप्टरवरच काम करतं, फक्त नेहमीच्या डोसात मेंदूपर्यंत पोचत नाही. म्हणजे ओपिऑइड, म्हणजे अफूच्या कुळातल्या रेणूंच्या, व्यवस्थेशी आपली ओळख जुनीच आहे, ती जुलाबाच्या निमित्तानं झाली इतकंच.

दुखणं वर जातं, हुकूम खाली येतो

जखमेची खबर बारीक चेतातंतूंवरून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत येते. तिथे ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी यांसारख्या रेणूंच्या मार्फत ती पुढच्या पेशीकडे दिली जाते आणि मेंदूकडे चढते. ही झाली वरची वाट. खाली येणारी दुसरी वाट आहे, आणि मॉर्फिनच्या दृष्टीनं तीच महत्त्वाची. मध्यमेंदूतल्या एका करड्या पट्ट्यातून हुकूम निघतो, मेंदूच्या बुंध्यातल्या पेशींकडे येतो आणि तिथून मज्जारज्जूत उतरून वर जाणारी खबर दाबतो किंवा वाढवतो. 1969 साली डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या या करड्या पट्ट्याला विजेची चेतना दिली आणि भूल न देता त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया केली.

नीरा डाव्या कालव्यावर ज्याची शेती आहे त्याला ही रचना चटकन कळेल. पाणी कालव्यात असतंच, शेतात किती जायचं ते चारीवरचं दार ठरवतं. आणि दार उघडणारा जसा असतो तसा खाली करणाराही असतो.

मेंदूच्या बुंध्यात अशा दोन तऱ्हेच्या पेशी आहेत. एका जातीच्या पेशी दुखणं वाढवतात, दुसऱ्या कमी करतात. मॉर्फिन पहिल्यांना गप्प करतं आणि दुसऱ्यांना मोकळं सोडतं. मेंदूची स्वतःची ओपिऑइड पेप्टाइडंही प्रसंगी हेच करतात. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला पोचते, तोवर कित्येक वारकऱ्यांच्या तळव्यांना फोड आलेले असतात. वाटेतल्या बेलवाडीच्या रिंगणात तीच माणसं धावतात. पाय ठणकतात ते मुक्कामाला टेकल्यावर. लक्ष, ताण, उत्साह यांचा या उतरत्या वाटेवर परिणाम होतो, हे नक्की. पण अशा प्रत्येक गोष्टीचं श्रेय ‘एंडॉर्फिन’ला द्यायची जी पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. जर्मन संशोधकांनी धावणाऱ्यांचे ओपिऑइड रिसेप्टर औषधानं बंद ठेवले, तरी धावण्याचा आनंद काही गेला नाही.

उलट्या बाजूची पेप्टाइडं

आता खरा विषय. मेंदू घरची अफू बनवतो हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. ती अफू उतरवणारी पेप्टाइडंही तोच बनवतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं पेप्टाइड मुळात पोटातलं आहे. तुपातलं जेवण झालं की लहान आतडं कोलेसिस्टोकायनिन सोडतं आणि पित्ताशय आकसतं. हेच पेप्टाइड, मुख्यतः आठ अमिनो आम्लांच्या आखूड रूपात, मेंदूत आणि मज्जारज्जूतही भरपूर असतं. 1983 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं की ते मॉर्फिनचं वेदनाशमन कमी करतं. नेमकं कुठे, तेही पुढे कळलं. दुखणं कमी करणाऱ्या ज्या पेशींना मॉर्फिन मोकळं सोडतं, त्यांनाच हे अडवतं, आणि दुखणं वाढवणाऱ्यांना चिथावतं. प्रोग्लुमाइड नावाचं अल्सरवरचं जुनं औषध कोलेसिस्टोकायनिनचा मार्ग अडवतं. ते सोबत दिलं तर तेवढ्याच मॉर्फिनचा उंदरांत जास्त परिणाम झाला, आणि 1985 च्या एका अभ्यासात माणसांतही.

दुसरं न्यूरोपेप्टाइड एफएफ. 1985 साली अमेरिकेत गुरांच्या मेंदूतून ते वेगळं काढण्यात आलं. त्यातही आठच अमिनो आम्लं. वेदना मोजायची प्रयोगशाळेतली जुनी रीत अशी: उंदराच्या शेपटीवर उष्णतेचा झोत टाकायचा आणि तो शेपटी किती सेकंदांत झटकतो ते बघायचं. मॉर्फिन दिलेला उंदीर शेपटी उशिरा झटकतो. त्याच्या मेंदूत न्यूरोपेप्टाइड एफएफ सोडलं की झटकण्याची वेळ पुन्हा अलीकडे येते. मॉर्फिनची सवय झालेल्या उंदरांना हेच पेप्टाइड दिलं, तर औषध अचानक तोडल्यावर होते तशी तडफड दिसली. उलट, या पेप्टाइडला निकामी करणारी प्रतिपिंडं दिल्यावर मॉर्फिनला न बधणारे उंदीर पुन्हा बधू लागले.

मात्र याला खलनायक ठरवायची घाई नको. हेच पेप्टाइड मेंदूऐवजी मज्जारज्जूत सोडलं तर मॉर्फिनचा परिणाम वाढतो. एकच रेणू, दोन ठिकाणी दोन उलट कामं. 1995 मध्ये सापडलेल्या नॉसिसेप्टिनचंही असंच. त्याचा रिसेप्टर ओपिऑइड कुळातलाच, पण मॉर्फिनला तिथे थारा नाही. उंदरांत ते मेंदूत मॉर्फिनच्या विरोधात जातं आणि मज्जारज्जूत वेदना कमी करतं. डायनॉर्फिन तर ओपिऑइड असूनही, मॉर्फिन बरेच दिवस चालू राहिलं की मज्जारज्जूत साचतं आणि दुखणं वाढवायला हातभार लावतं.

निसर्गानं असं का केलं असावं? माझ्या मते उत्तर सरळ आहे. दुखणं कायमचं बंद झालेला प्राणी जगत नाही. मोडलेल्या पायावर तो चालत राहील. त्यामुळे दार खाली आलं की ते परत वर करणारी व्यवस्था हवीच.

डोस का वाढतो

मॉर्फिन रोज मिळू लागलं की शरीर दोन पातळ्यांवर हिशोब जुळवतं. पहिली पातळी पेशीच्या आतली. म्यू रिसेप्टर थकतात, काही पेशीच्या आत ओढले जातात. मॉर्फिननं दाबलेली पेशीतली रासायनिक साखळी नेट लावून पुन्हा वर येते, हे 1975 मध्ये शर्मा, क्ली आणि नीरेनबर्ग यांनी पेशींवरच दाखवलं होतं. दुसरी पातळी पेशींच्या जाळ्याची. सतत मॉर्फिन चालू असलेल्या उंदरांच्या मेंदूच्या बुंध्यात कोलेसिस्टोकायनिन वाढलेलं आढळतं. म्हणजे गोळीचा रेणू तोच, त्याची ताकद तीच, फक्त समोरून रेटणारं बळ वाढलेलं. डॉक्टर याला टॉलरन्स म्हणतात. क्वचित हा रेटा इतका वाढतो की मोठ्या डोसावर असलेल्या पेशंटला साधा स्पर्शही बोचू लागतो. अशा वेळी डोस वाढवला तर दुखणं वाढतं, आणि कमी केला तर उतरतं.

टॉलरन्स सगळ्या परिणामांना सारखा येत नाही. मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. श्वासावरचा दाबही सवयीनं कमी होतो. बद्धकोष्ठाची सवय मात्र शरीराला फारशी होत नाही. म्हणून जाणता डॉक्टर मॉर्फिनच्या पहिल्या चिठ्ठीवरच पोट साफ होण्याचं औषध लिहितो.

या सगळ्यात जागेचाही वाटा असतो, ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटेल. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ शेपर्ड सीगल यांनी 1982 साली उंदरांना हेरॉइनचे वाढते डोस एका ठराविक खोलीत दिले. मग मोठा डोस दिला. नेहमीच्या खोलीत सुमारे 32 टक्के उंदीर दगावले, अनोळखी खोलीत 64 टक्के. आधी कधीच न घेतलेल्यांतले 96 टक्के मेले. खोली ओळखीची दिसली की मेंदू औषध येण्याआधीच उलटी तयारी करतो. आणि या तयारीत कोलेसिस्टोकायनिनचा वाटा असावा. त्याला अडवणारी औषधं दिल्यावर जागेशी जोडलेला टॉलरन्स उंदरांत ओसरला.

टॉलरन्स वेगळा, व्यसन वेगळं

व्यसनाचा कारभार मेंदूच्या दुसऱ्या भागात चालतो, आणि तिथली पेप्टाइडंही वेगळी. या बाबतीत महत्त्वाचं काम आपल्याकडे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात झालं. निशिकांत सुभेदार, दादासाहेब कोकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतल्या न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स या भागाकडे पाहिलं. मिळालेली गोष्ट पुन्हा हवीशी वाटते ती याच्या जोरावर. मॉर्फिनमुळे येणारी ही हवीहवीशी भावना तिथे ‘कार्ट’ नावाच्या पेप्टाइडमार्फत, डोपामिनच्या पुढच्या टप्प्यावर, उमटते असं त्यांनी 2012 मध्ये मांडलं. न्यूरोपेप्टाइड वाय या आणखी एका पेप्टाइडचा वाटा 2013 मध्ये दाखवला. सुभेदार पुढे पुण्याच्या आयसरमध्ये होते.

घरच्यांच्या दृष्टीनं यातलं कामाचं एवढंच. डोस वाढला म्हणजे पेशंट व्यसनी झाला असं होत नाही. अचानक बंद केल्यावर घाम, जुलाब, अंगदुखी, अस्वस्थता येते, ते शरीर औषधावर विसंबल्याचं लक्षण आहे. तेही व्यसन नव्हे. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही ओढ न सुटणं. तोंडाच्या कॅन्सरनं घास गिळता न येणारी बाई चार तासांनी गोळी मागते ती ओढीनं मागत नाही, कळ येते म्हणून मागते. मात्र व्यसनाचा धोका शून्य आहे असंही कुणी सांगू नये. दारूचं किंवा दुसऱ्या नशेचं व्यसन आधीपासून असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

कॅन्सरच्या पेशंटचा डोस वाढतो तेव्हा पुष्कळदा कारण टॉलरन्स नसतंच, गाठ वाढलेली असते. हाडात उतरलेल्या आजाराची कळ आधीच्या डोसात बसत नाही. म्हणून “औषध उतरलं का” या प्रश्नाला बरा डॉक्टर आधी पेशंटला पुन्हा तपासून उत्तर देतो.

“हे शेवटचं औषध आहे”

मॉर्फिनबद्दल हे वाक्य घरात पेशंटच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं बोललं जातं. त्याचा परिणाम फक्त मनावर होतो असं नाही. 1978 साली दाढ काढलेल्या लोकांवरच्या प्रयोगात नुसत्या औषध मिळाल्याच्या समजुतीनं आलेला आराम नॅलॉक्सोननं मोडला, म्हणजे त्या आरामामागे घरचं ओपिऑइड होतं. इटलीतल्या फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांनी उलट बाजू तपासली. वाईट होणार असं सांगितल्यावर वाढलेलं दुखणं प्रोग्लुमाइडनं कमी झालं. म्हणजे धास्तीनं वाढलेल्या दुखण्यामागे कोलेसिस्टोकायनिन. मॉर्फिनला उंदरांत रेटणारं पेप्टाइड हेच. गोळी देताना घरात काय बोललं जातं याला म्हणून वैद्यकीय अर्थ आहे. मॉर्फिन शेवटचं औषध नाही. कळ कमी झाली की डोस कमी करता येतो, आणि हळूहळू बंदही.

इथल्या पेशंटनं काय करावं

तंबाखू आणि मिश्री या पट्ट्याला नवी नाही, तोंडाचा कॅन्सरही नाही. इंदापूरच्या पूर्वेला बार्शीत 1987 पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, देशातली पहिली. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून कॅन्सरच्या पेशंटची मोफत काळजी घेतं. बारामतीहून ते शंभर किलोमीटरच्या आसपास.

मॉर्फिन पूर्वी मिळायला फार कठीण होतं. अमली पदार्थांवरच्या 1985 च्या एनडीपीएस कायद्याखाली राज्यागणिक वेगळे परवाने लागत, आणि त्या भानगडीत कित्येक रुग्णालयं पडतच नसत. 2014 च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांच्यासह सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ती ठेवण्यासाठी देशभर एकच पद्धत आली. त्यामुळे जवळचं रुग्णालय अशी मान्यताप्राप्त संस्था आहे का, हे विचारावं. विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. चौकातल्या मेडिकलमध्ये मिळत नाही म्हणून ट्रॅमाडॉलच्या पट्ट्यांवर भागवू नये. 2018 पासून तेही याच कायद्याखाली आलं आहे, आणि कॅन्सरच्या जोरदार कळेला बऱ्याचदा ते पुरत नाही.

साधी मॉर्फिनची गोळी साधारण चार तास काम करते, म्हणून ती घड्याळाप्रमाणे घ्यायची असते. कळ येण्याची वाट पाहत बसलं तर जास्त डोस लागतो. मधेच उसळणाऱ्या कळेसाठी डॉक्टर जादा डोस लिहून ठेवतात. एका ओपिऑइडचा टॉलरन्स फार वाढला तर ते बदलून दुसरं देतात, आणि ते हिशोबानं निघणाऱ्या डोसापेक्षा पाव ते अर्ध्यानं कमी ठेवतात, कारण एकाचा टॉलरन्स दुसऱ्याला पूर्ण लागू होत नाही. काही वेळा केटामिन हे भुलीचं औषध अगदी थोडं देतात. ग्लुटामेटच्या ज्या एनएमडीए रिसेप्टरवर ते काम करतं, तो रोखला की उंदरांत टॉलरन्स येणं लांबतं, हे 1991 मध्येच दिसलं होतं.

कोलेसिस्टोकायनिन किंवा न्यूरोपेप्टाइड एफएफ अडवणारी गोळी मॉर्फिनसोबत अजून लिहून दिली जात नाही. न्यूरोपेप्टाइड एफएफ अडवणाऱ्या आरएफ9 नावाच्या रेणूनं 2006 मध्ये उंदरांत टॉलरन्स रोखला होता. कोलेसिस्टोकायनिनच्या बाबतीत माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल एकसारखे आले नाहीत. एकाच पेप्टाइडची मेंदूत एक आणि मज्जारज्जूत दुसरी चाल असली की असं होणं नवल नाही.

एक सूचना फार महत्त्वाची. काही आठवडे मॉर्फिन बंद राहिलं तर टॉलरन्स उतरतो. नंतर पुन्हा सुरू करताना जुना मोठा डोस तसाच घेतला तर श्वास थांबू शकतो. सुरुवात परत लहान डोसानं आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच करायची. गोळ्या कुलपात ठेवाव्यात, दुसऱ्या कुणाच्या कंबरदुखीला देऊ नयेत, आणि उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं ते ज्या केंद्रातून आणल्या तिथेच विचारावं.